कोरडा कडा

चौऱ्याऐंशीचा पावसाळा. सहदेव आणि लहू, दोघांनाही दोर लावून कडे चढायचा नाद. कोरडा कडा शोधत चार रविवार दोघे लॅम्ब्रेटावरून वणवण फिरले. कान्हेरीला शेवाळ, मुंब्र्याला धारा. शेवटी मुलुंडच्या एका बंद खाणीत पुढे झुकलेला कडा सापडला. भर पावसातही त्याच्या पोटाला थेंब लागत नव्हता.

पण तिथला रस्ता म्हणजे नुसते खड्डे. परतताना स्कूटर आडवी झाली, लहूचा गुडघा फुटला आणि सहदेवचं डोकं फिरलं. पंधरा दिवस तो रोज वॉर्ड ऑफिसात जाऊन टेबल बडवत होता. "माणूस मेल्यावर खडी टाकणार का?"

पुढच्या रविवारी रस्ता गुळगुळीत.

"बघितलंस? यांच्या डोक्यावर बसल्याशिवाय कामं होत नाहीत," सहदेव लहूला म्हणाला.

खाणीत पोचले, तर कडाच नव्हता. त्या जागी खडी फोडायचं मशीन धडधडत होतं. सहदेवने मुकादमाची कॉलर धरली. "कोणी सांगितलं रे तुला हा कडा फोडायला?"

 

"मला काय विचारता? रस्त्याला खडी अर्जंट पाहिजे होती. कोणीतरी येडा रोज वॉर्ड ऑफिसात येऊन टेबल बडवत होता म्हणे."