शेवटचं पान

दुर्गापूजेच्या विशेषांकासाठी ही माझी सव्विसावी कादंबरी. थकल्या हातांनी कशीबशी संपवली. तिच्यात भांडून गेलेल्या मुलाला बाप शेवटपर्यंत घरात घेत नाही. नेहमीप्रमाणे बायकोने स्वच्छ प्रत लिहून संपादकांकडे धाडली.

छापील अंकात मात्र बाप दार उघडतो.

"शेफाली, हे मी लिहिलेलं नाही!"

"माहीत आहे. इतकी वर्षं तुमची खाडाखोड उतरवतेय, एक वाक्य माझं असू दे की."

"वाचक काय म्हणतील?"

"मला एकाचीच काळजी. तुमच्याशी बोलत नसला, तरी आपला बुबाई दिल्लीत दरवर्षी अंक घेतो."

अष्टमीला तिने लुचीच्या पुऱ्यांचा मैदा तिघांपुरता मळला. मी उठून दाराची कडी काढून ठेवली.