तिसरी ओळ

रक्तपेढीच्या काउंटरवरच्या संगणकावर पुन्हा तेच उमटलं : ‘कनेक्शन नाकारलं.’

“हट्टाला पेटलाय नुसता,” दादा म्हणाला. “कालचा बॅकअप चढवू आणि मोकळे होऊ.”

“आणि आज सकाळच्या पिशव्या?” धाकटीने विचारलं. “त्या कालच्या बॅकअपमध्ये कुठून येणार?”

बहीणभाऊ मिळून या रक्तपेढीचे संगणक सांभाळत. सगळ्या नोंदींचा डेटाबेस याच यंत्रात होता, आणि दुपारी नोंदी दाखवणारा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडल्यापासून डेटाबेस स्वतःच्याच यंत्रावरून कुणाला आत घेईना.

डॉक्टरबाई फोन कानाला लावून उभ्या होत्या. वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या रक्ताशी जुळणारी एकच पिशवी फ्रीजमध्ये होती, सकाळीच आलेली. त्या पिशवीच्या चाचण्यांचा निकाल थेट डेटाबेसमध्ये गेला होता. तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाई पिशवी देणार नव्हत्या.

“किती वेळ लागेल?” त्यांनी दादाला विचारलं.

“पाच मिनिटं,” धाकटी म्हणाली.

बाई अजून दादाकडेच बघत होत्या.

“बाई, इकडे बघा. काम मी करतेय.”

तिने आपला लॅपटॉप रक्तपेढीच्या नेटवर्कला जोडला आणि तिथून डेटाबेसला हाक मारली. तो लगेच ‘ओ’ देता झाला. सकाळच्या नोंदी जशाच्या तशा. पण बाईंना निकाल उघडून दाखवणारा प्रोग्राम फक्त काउंटरवरच्या यंत्रात होता.

“सगळं जागेवर आहे,” ती म्हणाली. “बॅकअपला हात लावू नकोस, दादा.”

मग तिने नियमांची फाइल उघडली. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. पहिली ओळ : नेटवर्कवरच्यांना येऊ दे. दुसरी : बाकी कुणालाही नको. तिसरी : याच यंत्रावरून येणाऱ्याला येऊ दे. डेटाबेस वरून खाली वाचतो आणि लागू पडलेल्या पहिल्याच ओळीवर थांबतो. तिसऱ्या ओळीपर्यंत तो पोचतच नव्हता.

दुसरी ओळ नवीन होती. सुरक्षा कडक करतो म्हणून काल संध्याकाळी दादाच या फाइलवर बसला होता. सकाळी कालपासून उघडाच असलेला प्रोग्राम चालू होता, आणि आधीच आत असलेल्याला नियम लागत नाहीत, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

धाकटीने तिसरी ओळ उचलून वर नेली. नियम नव्याने वाचायला लावले. काउंटरच्या पडद्यावर यादी भराभर उतरली.

बाईंनी पिशवीचा क्रमांक टाकला. सगळ्या चाचण्या निर्दोष. त्यांनी श्वास सोडला.

“काय बिघडलं होतं?”

“बिघडलं काहीच नव्हतं. एक ओळ चुकीच्या जागी होती.”

“कुणी लिहिली होती?”

धाकटी लॅपटॉपची वायर गुंडाळू लागली.

“मी,” दादा म्हणाला.

बाईंनी पिशवी बर्फाच्या पेटीत ठेवली आणि न्यायला कोण आहे ते बघू लागल्या. दादाने पेटी त्यांच्या हातातून घेतली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याकडे पळाला.

जरा वेळाने बाईंच्या फोनमधून नर्सचा आवाज आला, “मिळाली हो पिशवी. पण बाई, हे कोण माणूस पाठवलंय? दाराशी बसलेत. चला म्हटलं तरी हलत नाहीत. म्हणतात, ती बरी आहे असं कळलं की जाईन.”