दाढेवरचा दाब

"हा फुटला तर माझी नोकरी गेली, एवढंच ना सर?" यंत्राच्या दोन जबड्यांमध्ये शेवटचा नमुना ठेवत ती म्हणाली.

"फक्त तुझी नाही. आपण सगळेच घरी," सर म्हणाले. "पण तू टेन्शन घेऊ नकोस."

नमुना म्हणजे खडूच्या तुकड्याएवढी पांढरी कांडी. किडक्या दाढेत भरायचं, सरांनी शोधलेलं सिमेंट. लॅबमधल्या प्रत्येकाच्या दाढेत ते होतंच. एक तर फुकट होतं, आणि सरांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. खुद्द सरांनी दोन दाढा भरून घेतल्या होत्या. त्यातली एक किडलेलीही नव्हती.

कंपनीचे साहेब खुर्ची ओढून बसले. तिने बटण दाबलं. वरचा जबडा खाली यायला लागला, सासूबाई जिना उतरतात तसा, कसलीही घाई न करता. आकडा चढू लागला. लाल रेघेपर्यंत कांडी टिकली की साहेब करारावर सही करणार होते.

साहेब सोडून खोलीतले सगळे जबडे आवळून उभे होते. तिनेही दातांवर दात आवळून धरले.

कट्!

सगळे नमुन्यावर वाकले. नमुना ठणठणीत. तिच्या जिभेला मात्र दाढेत एक नवाच खड्डा लागला. तुकडा तिने गुपचूप गालात सरकवला.

कट्! दाराशी उभे असलेले शिपाईकाका गालावर हात ठेवून खिडकीबाहेर बघू लागले.

"काका, काय झालं?"

"कुठं काय," काका ओठ न उघडता म्हणाले.

आकडा रेघेला टेकला, तेव्हा सरांच्या बाजूने लागोपाठ दोन आवाज आले. रेघ ओलांडली. कांडीला साधा तडासुद्धा नाही.

साहेबांनी सही ठोकली आणि एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. बाकीचे तोंड मिटून माना डोलवत राहिले.

"कमाल आहे तुमची! एवढं जिंकलात आणि कुणी दात दाखवेल तर शपथ! बरं, माझीही एक दाढ किडलीय. आत्ताच भरून टाका हे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने काकांकडे. काकांनी पुन्हा खिडकीबाहेर.

"साहेब," गालातला तुकडा सांभाळत तिने विचारलं, "तुम्हाला कधी टेन्शन येतं का हो?"

"मला?" साहेब खदखदून हसले. "छे! त्यासाठी माणसं ठेवलीयत की."

"मग टिकेल," ती म्हणाली.