म्हणे

पोलीस चौकीवरचा नवा साहेब राजधानीचा, लिमाचा. त्याला आमची डोंगराकडची केचुआ बोली येत नव्हती, म्हणून हिलारिया मला, शेजारणीला, बरोबर घेऊन गेली. ती सांगत होती आणि मी एकेक वाक्य त्याला स्पॅनिशमध्ये सांगत होते.

"नवऱ्यानं थोबाडीत मारली. केस धरून डोकं चुलीवर आपटलं. मग लाथा घातल्या म्हणे. फरफटत अंगणात नेलं म्हणे."

साहेबानं लिहायचं थांबवलं. "मार हिनंच खाल्ला ना? मग 'म्हणे' काय? ऐकीव गोष्टींची तक्रार घेत नाही मी, बाई."

मी तिला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "डोकं आपटलं तेव्हाच माझी शुद्ध गेली. जे मी पाहिलं नाही, ते पाहिल्यासारखं कसं सांगू? आपल्या बोलीत ते खोटं ठरतं."

"मग हिला सांगितलं कुणी?" साहेबानं विचारलं.

हिलारियानं छातीवरची शालीची गाठ सोडली आणि पाठीशी बांधलेल्या चार वर्षांच्या लेकीला त्याच्या टेबलासमोर उभं केलं.

"हिनं. ही 'म्हणे' म्हणत नाही."