साहेबांचं संशोधन, सोप्या मराठीत

देवीदासचं वाचून संपलं, तेव्हा समोरच्या शेतकऱ्यांनी भक्तिभावानं हात जोडले. एकानं पुढं येऊन कागदांपुढं नारळ ठेवला.

ती पोथी नव्हती. कापसातल्या भेसळीवर कापूस खात्याच्या गोऱ्या साहेबांनी दोन हंगाम अकोल्याच्या बाजारात उन्हातान्हात हिंडून केलेलं ते संशोधन होतं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस बंद झाला होता, म्हणून विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. भाव असा चढला की लोक वजन वाढवायला कापसावर पाणी मारू लागले, आणि तो ओला कापूस जहाजात कुजू लागला. हे शेतकऱ्यांना नीट समजावं, म्हणून पुण्याहून देवीदासला मराठी करायला आणलं होतं. त्यानं ओल्या कापसाचा ‘जलसंसर्गदूषित कार्पास’ करून टाकला होता.

“क्या समझे?” साहेबांनी पुढंच बसलेल्या खुशालरावांना विचारलं. खुशालराव बार्शीटाकळीचे, घरची काळी जमीन, बाजारात त्यांच्या शब्दाला वजन.

“पोथी लय झ्याक वाचली पंडितजीनं,” खुशालराव म्हणाले. “परसाद कवा हाय?”

साहेब लालबुंद झाले. “अगले हफ्ते तक ये लोग समझ गए, तो नौकरी पक्की. नहीं तो पूना वापस.”

पुण्यात देवीदास सासऱ्यांच्या घरी राहत असे, आणि निघताना ताठ मानेनं निघाला होता. आता परत जाऊन त्याच पंगतीला बसायचं? त्यापेक्षा वऱ्हाडचं ऊन बरं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कागद बिऱ्हाडीच ठेवले आणि सरळ बाजारातल्या एका कापसाच्या गाडीवर चढला. लोक पाणी कसं मारतात, वर सुका कापूस कसा पसरतात, सगळं करून दाखवलं. मग बाही सरसावून हात गाडीत खुपसला.

“साहेब असा हात घालतात, मूठभर कापूस काढतात आणि गालाला लावतात. गार लागला, की चोरी पकडली!”

लोक खदखदून हसले. खुशालराव गर्दी सारून पुढं आले.

“साहेब हात कुठवर घालते?”

“कोपरापर्यंत. कोटाची बाही तिथवरच चढते.”

“आन् गाल कोनता लावते?”

“उजवा.”

देवीदास हरखून गेला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या बोलण्यावर कुणी प्रश्न विचारत होतं. त्यानं एकेका प्रश्नाचं दोन-दोनदा उत्तर दिलं.

पुढच्या आठवड्यात बाजारात साहेबांनी ओळीनं प्रत्येक गाडीत हात घातला. काढलेला कापूस गालाला लावला. पुढची गाडी, पुन्हा गाल. शेवटी त्यांनी टोपीच काढली.

“सब सूखा! शाबास, देवीदास! नौकरी पक्की!”

देवीदासचे डोळे भरून आले. खरोखर इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. साहेब पाठमोरे होताच तो खुशालरावांच्या गाडीकडे धावला आणि गाडीच्या काठावर बसलेल्या खुशालरावांना मिठी मारायला चाकावर पाय देऊन कापसात उडी मारली. मांडीपर्यंत आत गेला. पाय गारठले. धोतर गुडघ्याखाली चिंब भिजलं.

“खुशालराव!” तो कसाबसा म्हणाला. “म्हणजे तुम्हाला काहीच समजलं नाही?”

खुशालरावांनी त्याला हात देऊन वर ओढलं, आणि त्याच्या ओल्या धोतरावर सुका कापूस पसरला.

“काहून नाई समजलं? समजलं नसतं, त आज आमी सगळे पकडल्या नसतो गेलो?”