दंतवैद्यबाईंचं विमान
महानगरात घर थाटून तीन महिने झाले, तरी दंतवैद्यबाईंचं स्वतःचं छोटं विमान जुन्या गावीच होतं. तिथे धावपट्टीवरची गुरं हाकलली, की आभाळ आपलंच. इथे रेडिओवर वैमानिकांची झुंबड. ऐकूनच बाईंची बोबडी वळायची. "विकूनच टाकते," गावी येऊन त्या म्हणाल्या. "आधी मला तुझ्या घरी ने, मग खुशाल वीक," म्हणत गावातल्या सासूबाई विमानात त्यांच्या शेजारी पट्टा आवळून बसल्या. महानगर दिसताच बाईंनी रेडिओचं बटण दाबलं आणि पाठ केलेलं सगळं बोलणं त्या विसरल्या. "मी इथे नवीन आहे. जरा सावकाश सांगाल?" विमानतळावरचा नियंत्रक हसला. "मीही नवाच आहे, बाई. डावीकडून या, मागचे थांबतील." "थांबतो की!" मागचा वैमानिक म्हणाला. चाकं अलगद टेकली. बाई भारावून धावपट्टीवरच रेंगाळल्या. "अहो, हला आता!" नियंत्रकाने दटावलं. शहरात पहिल्यांदाच कुणीतरी हक्काने रागावलं, बाई सुखावल्या.