आपोआप चालणारं

फुकट मिळतायत म्हणून श्रीरंगने जुनी नाट्यगीतं थेट मेंदूतल्या चिपमध्ये उतरवून घेतली आणि त्यांच्याबरोबर व्हायरसही आला. आता तोंड उघडलं की तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पासवर्ड बडबडायचा. दुरुस्तीच्या खुर्चीत त्याला बसवताना त्याच्या बायकोला, इरावतीला, रडू फुटलं. तसाच बडबडत त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सगळं पुसून नव्याने भरावं लागेल," तंत्रज्ञ ठोसर म्हणाले. "चेहरे, नावं, प्रसंग आधी बाजूला काढून ठेवतो. पण जे आपोआप चालू होतं, ते नाही ठेवता येणार. व्हायरस तिथेच दडून बसतो."

"मला ओळखेल ना?"

"ओळखतील की."

"मग पुसा."

संध्याकाळी श्रीरंगने डोळे उघडले. "इरावती," तो लगेच म्हणाला. लग्नाची तारीख, लेकीचं नाव, इरावतीचा कुठला गुडघा दुखतो, सगळं त्याने बिनचूक सांगितलं. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती हमसाहमशी रडू लागली.

श्रीरंग ताठ बसून राहिला. मग त्याने ठोसरांना हळूच विचारलं, "ही रडतेय. अशा वेळी काय करायचं असतं?"